रेस्पाईटसाठी हॉस्पिसमध्ये जाताना: खाटेवरून लिहिलेली क्रमवार माहिती

रेस्पाईटला, म्हणजे थोड्या दिवसांसाठी हॉस्पिसमध्ये, न्यायचं ठरतं ते बहुतेक घरांत स्वयंपाकघरात, दबक्या आवाजात. सून नवऱ्याशी बोलते, नवरा बहिणीला फोन लावतो, डॉक्टरांना विचारून होतं, गाडी ठरते. खाटेवरच्या माणसाला पत्ता लागतो तो पिशवी भरताना. पुढचं बरंचसं तिथूनच बिघडत जातं.

मी स्वतः खाटेवरची. कर्करोग मणक्यात उतरलेला, कमरेखाली जोर नाही, आणि माझं सगळं करणारी सूनबाई एकटी. सोलापुरातून पुण्याला जाऊन अशा केंद्रात राहून आले आहे, वेळ पडली तर पुन्हा जाईन. तेव्हापासून ओळखीतून फोन येतात. जो तो विचारतो, बेड मिळेल का? बेड हा त्यातला सोपा भाग. अवघड काय ते खाली क्रमानं लिहिलं आहे. क्रम बदलू नका.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. रेस्पाईट म्हणजे काळजी घेणाऱ्याला उसंत मिळावी म्हणून पेशंटनं थोड्या, ठरलेल्या दिवसांसाठी दाखल होणं आणि घरी परत येणं. किती दिवस ठेवतात ते केंद्रागणिक बदलतं. शेवटच्या दिवसांसाठी दाखल होणं वेगळं. हॉस्पिसमध्ये, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी ठेवून सांभाळ करणाऱ्या केंद्रात, ही दोन्ही कामं एकाच इमारतीत चालतात, म्हणून घोटाळा होतो.

## टप्पा १: आधी पेशंटला सांगा, मग फोन करा

तीन गोष्टी सांगायच्या: का जायचं, किती दिवस, आणि परत न्यायला कोण, कुठल्या वारी येणार. तिसरी सगळ्यात महत्त्वाची आणि नेमकी तीच राहते. "बरं वाटलं की आणू" हे उत्तर नव्हे. ज्याला बरं वाटणार नाही हे ठाऊक आहे, त्याला हे वाक्य कसं ऐकू येतं याचा विचार करा.

सूनबाईनं मला सरळ सांगितलं, "आई, मला चार रात्री सलग झोप पाहिजे. अंगात ताकद राहिली नाही. शनिवारी मीच तुम्हाला आणायला येते." मला राग आला नाही. उलट कितीतरी दिवसांनी घरात कुणी खरं बोललं म्हणून सुटल्यासारखं झालं. रात्री उठवावं लागतं याचं ओझं पेशंटलाही असतं. लघवी लागलेली असताना पहाटेपर्यंत दाबून ठेवणारी मी एकटीच नाही.

"तपासणीला चाललोय" असं सांगून कधीही नेऊ नका. नात्यातल्या एका घरी आजोबांना असंच नेलं. ते दोन दिवस जेवले नाहीत, चपला उशाशी घेऊन बसून राहिले. मळमळ असेल समजून उलटीवरचं औषध सुरू झालं. खरं कारण कळेपर्यंत परतायची वेळ झाली होती.

पेशंट नाही म्हणाला तर भीती कशाची ते विचारा. बहुधा यांपैकी एक असते: परत आणणार नाहीत, रात्री दुखलं तर कुणी येणार नाही, किंवा लोक म्हणतील टाकून आले. पहिलीला तारखेचं उत्तर असतं. दुसरीसाठी केंद्रातल्या नर्सशी फोनवर बोलणं करून द्या. तिसरीवर मात्र पेशंटनंच बोलावं. शेजारणीला मीच सांगितलं, "मी चालले आहे, मला कुणी पाठवत नाहीये." विषय तिथं मिटला. एवढं करूनही नकारच असेल तर रेटू नका. नणंद किंवा भाऊ चार दिवस घरी येऊन राहतो का ते बघा, तीही विश्रांतीच झाली.

विसरभोळेपणाचा आजार असेल तर एकदा सांगून भागत नाही. रोज तेच, त्याच शब्दांत सांगा आणि कॅलेंडरवर परतीच्या दिवसाभोवती लाल गोल करा. ते कॅलेंडर सोबत न्या.

थांबा, तपासा: परतीचा वार पेशंट स्वतःच्या तोंडानं सांगू शकतो का? नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

## टप्पा २: जागा शोधणं

सुरुवात उपचार करणाऱ्या डॉक्टरांपासून करा, कारण त्यांची चिठ्ठी बहुतेक ठिकाणी लागतेच. सोलापुरात सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी ठेवणाऱ्या उपचारांची, चौकशी करा. कर्करोग असेल तर बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलमध्येही करा. दाखल होण्यासाठी पुण्यात वारज्याला सिप्ला फाउंडेशनचं केंद्र आहे. ते १९९७ पासून चालू आहे, कर्करुग्णांसाठी आहे आणि तिथं पैसे घेत नाहीत. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन आहे, १९८६ साली सुरू झालेलं, देशातलं पहिलं हॉस्पिस.

अर्धांगवायू, मूत्रपिंडाचा आजार, स्मृतिभ्रंश असे पेशंट सगळीकडे घेत नाहीत. निघण्याआधी फोनवरच विचारून घ्या. पाच तासांचा प्रवास करून दारातून परत फिरणं खाटेवरच्या माणसाला झेपत नाही.

फोनवर विचारायचं ते असं. रेस्पाईटसाठी घेता का, आणि जास्तीत जास्त किती दिवस? सोबत घरचं माणूस राहावंच लागतं का? मॉर्फिन, म्हणजे तीव्र दुखण्यावरचं औषध, उपलब्ध आहे का? नाकातली नळी, लघवीची नळी, ऑक्सिजन यांपैकी आमच्या पेशंटला जे आहे ते सांभाळता का? रात्री डॉक्टर असतात की फोनवर असतात? तब्येत अचानक बिघडली तर काय करता?

सोबतीच्या प्रश्नाकडे नीट लक्ष द्या. आपल्याकडे बऱ्याच केंद्रांत पेशंटसोबत एक नातेवाईक राहावा लागतो. मग घरी जी रात्रंदिवस राबते तीच पिशवी उचलून सोबत जाते आणि वॉर्डातल्या बाकड्यावर झोपते. याला रेस्पाईट म्हणत नाहीत, ही नुसती जागा बदलली. सोबत दुसरं कुणीतरी जायला हवं. मुलगा जाऊ शकतो. मुलगे रजा काढू शकतात, ही माहिती बऱ्याच घरांत अजून पोहोचलेली नाही.

## टप्पा ३: फाईल

कागद जमवायला वेळ लागतो, म्हणून तारीख ठरायच्या आधीच लागा. बायॉप्सीचा रिपोर्ट, शेवटचं डिस्चार्ज कार्ड, अलीकडचे स्कॅन, चालू औषधांची चिठ्ठी, पेशंटचं आणि सोबत्याचं आधार कार्ड. हे सगळे नेतात.

न नेला जाणारा कागद म्हणजे "आमचं माणूस असं आहे" हे सांगणारं एक पान. तिथल्या नर्सला रिपोर्टवरून आजार कळतो, माणूस कळत नाही. माझ्या पानावर हे होतं: डाव्या कुशीवर झोपवलं तर पाठीत कळ जाते. पाणी कोमट लागतं, चमच्यानं. ऐकू येतं, पण उजव्या कानानं. पहाटे पाचला चहा मिळाला नाही तर दिवसभर चिडचिड. भाकरी दुधात पूर्ण भिजवून, शेंगाची चटणी जिभेला लावण्यापुरती, कारण तोंड कोरडं असलं की कूट घशात अडकतं. पुरुष मदतनिसानं कपडे बदललेले चालणार नाहीत.

सोलापूरकरांनी या पानावर आणखी एक ओळ लिहावी. आपल्याकडे पेशंट एरवी छान मराठी बोलतो, पण दुखायला लागलं किंवा झोपेत असला की घरच्या भाषेत जातो. शहराच्या पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या कितीतरी आजी दिवसा मराठी बोलतात आणि रात्री "नोप्पी, नोप्पी" करतात. पुण्यातल्या नर्सला ते दुखण्याबद्दल आहे हे कसं कळणार? तेलुगूत दुखतं म्हणजे नोप्पी, पाणी म्हणजे नीळ्ळू. कन्नडमध्ये नोवू आणि नीरू. मोठ्या अक्षरांत लिहा आणि पान खाटेशी लावायला सांगा.

अवघड प्रश्नही याच वेळी बोलून घ्या: तिथं असताना तब्येत ढासळली तर आयसीयूत हलवायचं का? हॉस्पिसमध्ये सहसा व्हेंटिलेटर लावत नाहीत. पेशंटला विचारा, फोन करणाऱ्या मुलाला नव्हे. ज्यांना हे कायदेशीर लिहून ठेवायचं आहे त्यांच्यासाठी २०१८च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं वाट करून दिली आहे. २०२३मध्ये ती सोपी झाली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. तेवढं नको असेल तर निदान घरात सगळ्यांदेखत बोला. कोल्हापूरचे काका ऐनवेळी फोनवर वेगळंच सांगतात, आणि मग वॉर्डात भांडण होतं.

## टप्पा ४: औषधं आणि अंग

निघण्याच्या आदल्या दिवशी, उजेडात.

औषधं मूळ पाकिटात न्या. डबीत एकत्र ओतलेल्या गोळ्या कुणीही घेणार नाही आणि घेऊही नयेत. मॉर्फिनच्या गोळ्या मोजून आकडा लिहा. हे औषध परवानगी असलेल्या ठिकाणीच मिळतं, म्हणून जाताना आणि येताना किती होत्या हे माहीत असावं. साधी मॉर्फिनची गोळी साधारण चार-चार तासांनी असते. तुमच्या वेळा घड्याळाप्रमाणे लिहा, "सकाळ-दुपार-रात्र" असं मोघम लिहू नका.

"तिथं जाईपर्यंत थोडी कमी देऊ, सवय लागेल" हा सल्ला देणारा प्रत्येक घरात एक असतो. दुखण्यासाठी डॉक्टरांनी बसवलेल्या डोसला हात लावू नका. मॉर्फिननं बद्धकोष्ठता होते, म्हणून सोबतचं पोट साफ व्हायचं औषधही चुकवू नका आणि शेवटची शौचाची तारीख लिहून द्या. संकोच वाटतो, पण तिथं पहिल्या दहा मिनिटांत हाच प्रश्न येतो. डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉईड चालू असेल तर ते अचानक बंद पडता कामा नये. चूर्ण, काढा, कुणी दिलेली पुडी, जे काही चालू आहे ते उघड सांगा. रागावत नाहीत.

फेंटानिलचा पॅच, म्हणजे कातडीवर चिकटवायची दुखण्यावरच्या औषधाची पट्टी, असेल तर लावल्याची तारीख आणि वेळ लिहा. पॅचवर गरम शेक नाही, ऊन नाही. उष्णतेनं औषध अंगात भराभर उतरतं आणि पेशंट गुंगीत जातो. सोलापूरच्या मे महिन्यात गाडीच्या खिडकीशी बसलेल्या माणसाचा दंड किती तापतो ते तुम्हाला ठाऊक आहे.

मग अंग बघा: माकडहाड, टाचा, कमरेची दोन्ही हाडं, कानामागे ऑक्सिजनची नळी घासते ती जागा. लाल झालेला भाग बोटानं दाबून सोडल्यावर पांढरा पडत नसेल तर ती जखमेची सुरुवात आहे. मोबाईलवर फोटो काढा, पेशंटला विचारून. केंद्रातही दाखल करताना अंग तपासतात. दोघांनी एकत्र बघितलं की "जखम तिकडे झाली" हा वाद पुढे होत नाही.

पिशवीत काय? पुढून उघडणारे कपडे, स्वतःची चादर, चष्मा, कवळी आणि तिची डबी, श्रवणयंत्राचे जादा सेल, मोबाईलचा चार्जर, आणि घरातली एक वस्तू. मी देवाची तसबीर नेली नाही, माझा ट्रान्झिस्टर नेला. दागिने घरी.

खबरदारी: सोलापुरी चादर पांघरायला न्या, अंगाखाली घालू नका. जाड विणीचे उठाव तासन्तास पाठीला रुतले की कातडी सोलते. अंगाखाली मऊ, जुनी, सुरकुती नसलेली सुती चादर हवी.

## टप्पा ५: प्रवास

सोलापूर ते पुणे साधारण अडीचशे किलोमीटर. उन्हाळ्यात पहाटे निघा, टेंभुर्णी-इंदापूर ऊन चढायच्या आत मागे पडलं पाहिजे. १०८ची गाडी तातडीच्या प्रसंगासाठी असते, ठरवून केलेल्या या प्रवासासाठी वेगळी रुग्णवाहिका किंवा मोठी गाडी लागते. ज्याला बसता येतं त्यालाही मागची सीट पूर्ण आडवी मिळायला हवी.

दुखण्याची गोळी निघण्याच्या तासभर आधी पोटात गेलेली असावी. डोसची वेळ तशी जुळत नसेल तर आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारून ठरवा, स्वतः पुढेमागे करू नका. वाटेत लागणारा डोस वरच्या खिशात, पाण्याच्या बाटलीसोबत. लघवीची पिशवी निघताना रिकामी करा आणि प्रवासभर कमरेपेक्षा खाली ठेवा. माणसं ती कौतुकानं मांडीवर घेऊन बसतात आणि लघवी उलटी जाते. नाकातल्या नळीतून आहार असेल तर देताना आणि दिल्यावर अर्धा-पाऊण तास डोकं उंच, आणि हलत्या गाडीत आहार देऊ नका.

गाडीत चढवताना मात्र तीच सोलापुरी चादर कामाला येते. अंगाखाली घालून चारही कोपरे गुंडाळून धरा, एकानं आकडा म्हणा, सगळ्यांनी एकदम सरकवा, आणि मग चादर काढून घ्या. काखेत हात घालून ओढू नका. मणक्यात आजार असेल तर आमचा जीव जातो हो त्यात.

## टप्पा ६: दाखल होताना

लवकर उरकून परतीची गाडी गाठायची घाई करू नका. पेशंटसमोर बसून नर्सला तो एक पानाचा कागद वाचून दाखवा. पेशंट बोलू शकत असेल तर प्रश्नांची उत्तरं त्यालाच देऊ द्या. "आईंना दुखतं का?" असं माझ्या डोक्यावरून विचारलं की मी मुद्दाम गप्प बसते.

परतीची तारीख केंद्राच्या कागदावरही लिहून घ्या. फोनची वेळ ठरवा. बेल कुठं आहे आणि दाबल्यावर कोण येतं हे घरच्यांनी निघण्याआधी एकदा दाबून बघावं.

## टप्पा ७: पहिल्या दोन रात्री

हा भाग पेशंटसाठी. घरच्यांनी वाचून दाखवावा.

पहिल्या रात्री झोप येत नाही. छत वेगळं, पंख्याचा आवाज वेगळा, कुणाचा तरी खोकला. घरात सूनबाईच्या पावलांवरून मला किती वाजले ते कळायचं, तिथं काहीच कळेना. यावर उपाय म्हणजे घड्याळ दिसेल अशी खाट मागणं, आणि दुखणं सुरू होताच सांगणं. घरी आपण "जाऊ दे, तिला कशाला उठवू" म्हणून सोसतो. ती सवय तिथं मोडा. रात्रपाळीची माणसं जागीच असतात, आणि वाढलेलं दुखणं खाली आणायला सुरुवातीच्या दुखण्यापेक्षा जास्त औषध लागतं. शून्य ते दहात किती, ते सांगा. आकडा सुचत नसेल तर "भाकरी थापता येईल एवढं" किंवा "कूस बदलवत नाही एवढं" असं सांगितलं तरी चालतं.

दुसऱ्या दिवशी बहुधा तपासून औषधात थोडा बदल होतो. कूस बदलणं ठरल्या वेळी होतं, तोंड पुसलं जातं, केस धुतले जातात. चार बायकांची पळापळ न होता खाटेवरच केस धुता येतात हे मला तिथंच समजलं.

आणि जे कुणी आधी सांगत नाही ते सांगते. शेजारी खाट असेल, आणि तुमच्या मुक्कामात ती रिकामी होऊ शकते. पडदा ओढला जातो, कुजबुज होते, सकाळी नवी चादर असते. हे होणार हे माहीत असलेलं बरं. मी नर्सला विचारलं, "त्यांना त्रास झाला का?" तिनं खाटेवर बसून उत्तर दिलं. विचारा. खाट बदलून हवी असेल तर तेही सांगा.

## टप्पा ८: घरी राहिलेल्यांनी काय करायचं

झोपायचं. खरंच एवढंच. पेशंट गेला की लोक घर रंगवायला काढतात, उन्हाळकामं उरकतात, राहिलेल्या लग्नांना जाऊन येतात आणि माणूस परत येतो तेव्हा आधीपेक्षा दमलेले असतात. पहिले दोन दिवस काहीही ठरवू नका. मग स्वतःचं बीपी, साखर, दुखरी कंबर डॉक्टरांना दाखवा. आमच्या सूनबाईचा हिमोग्लोबिन किती कमी आहे ते अशाच मोकळ्या दिवसात कळलं.

फोन एकदाच करा, पण ठरलेल्या वेळी. सातचा फोन म्हणजे सातचा. पावणेसातपासून आम्ही मोबाईल छातीवर घेऊन पडलेलो असतो. रोज जमणार नसेल तर दिवसाआड सांगा, पण सांगितलेलं पाळा. गावभरच्या नातेवाइकांना व्हिडिओ कॉलवर आणू नका.

## टप्पा ९: परत आणणं

सगळ्यात जास्त घोळ इथं होतात, कारण तोवर सगळे ढिले पडलेले असतात.

परतीचा दिवस पाण्याच्या वाराशी जुळवा. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, आणि आल्या दिवशी चादरी, अंग पुसणं, भांडी असं दुप्पट पाणी लागतं. हवेची गादी किंवा ऑक्सिजनचं मशीन असेल तर वीज जाण्याची सोयही आधी बघा.

केंद्रातून निघताना औषधांची नवी यादी वाचून, समजून घ्या. काय वाढलं, काय बंद झालं, पुढचा डोस किती वाजता. घरी आल्याबरोबर जुन्या पाकिटांतली बंद झालेली औषधं वेगळी काढा. नवं पाकीट हॉस्पिसचं आणि जुनं फडताळातलं, नाव वेगळं पण औषध एकच, असं होऊन दुप्पट डोस जातो. आल्यावर पेशंट हाकेला नीट जागा होत नसेल, श्वास फार संथ झाला असेल, तर "प्रवासानं दमले असतील" म्हणून झोपू देऊ नका. त्याच क्षणी केंद्राला किंवा डॉक्टरांना फोन करा, दोघंही लागत नसतील तर १०८.

कूस कशी बदलतात, जखम कशी बांधतात हे निघण्याआधी सोबत्यानं स्वतःच्या हातानं करून बघितलेलं हवं. नुसतं बघून येत नाही. मोबाईलवर व्हिडिओ करायला बहुतेक नर्सा नाही म्हणत नाहीत.

ठरल्या वारी न्यायला येणं जमणारच नसेल, तर आदल्या दिवशी पेशंटला स्वतः फोन करून कारण आणि नवी तारीख सांगा. नर्सकरवी निरोप नको.

घरी आल्यावर तीन-चार दिवसांनी दोघांनी बसून बोला: काय बरं वाटलं, काय नको होतं, पुन्हा जायचं का. आमच्या पानावर तेव्हा दोन बदल झाले. चहा पाचऐवजी साडेपाचला चालेल, आणि ट्रान्झिस्टरचे सेल जादा न्यायचे. पुढची तारीख मागायची असेल तर सूनबाई पार थकायची वाट बघू नका. केंद्राला आत्ताच फोन करून ठेवा, कारण तातडीच्या पेशंटना खाट आधी जाते आणि रेस्पाईटवाल्यांना थांबावं लागतं.